अंबूअक्कांची अमेरिका

मद्रासच्या पश्चिम मांबलममधल्या आमच्या घरमालकीण अंबूअक्का अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं घेत नसत. पहिले, तिसरे, सोळावे, असं म्हणत. "वडील माणसांचें नाव कैसें घ्यायचें?" हा त्यांचा सवाल. मी नवी भाडेकरू असताना एकदा त्या डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सोळाव्यांनीं फार सोसलें हो." मला वाटलं, यांच्या सासऱ्यांना मुलं बरीच असावीत.

माझ्या यजमानांची रेल्वेत मद्रासला बदली झाली आणि साताऱ्याहून उठून मी थेट अक्कांच्या माडीवर येऊन पडले. अक्का मूळच्या तंजावरच्या. त्यांची मराठी जुन्या बखरीतून उतरल्यासारखी, पण चाल तमिळ. वाक्य संपता संपता वर चढायचं. वय पन्नाशीला टेकलेलं, नेसण नऊवारी, घरात एकट्या. मुलगा राघू अमेरिकेत इंजिनियर. इंटरपर्यंतच्या परीक्षा त्यांनी घरी बसून दिल्या होत्या. त्या वर्षी एका कॉलेजात नवी पदवी निघाली. अमेरिकेचा इतिहास, साहित्य, राज्यकारभार, गाणी, चित्रं, सगळं एकाच ताटात. अक्कांनी नाव घातलं.

वर्गातल्या मुली त्यांना 'पाटी' म्हणत, म्हणजे तमिळमध्ये आजी. पाटी पहिल्या बाकावर बसत आणि शंका विचारत. इतिहासाचे प्राध्यापक आणि साहित्याचे प्राध्यापक एकमेकांचं तोंड पाहत नसत. अक्कांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. इतिहासाच्या तासाला त्या उभ्या राहिल्या. "सार, तुम्ही गुलामांचा कायदा शिकवतां. ते सार गुलामांचीं गाणीं शिकवतात. गाणें म्हणणाराला हा कायदा ठाऊक होता कां?"

सर म्हणाले, "ते त्यांना विचारा."

साहित्याचे सर म्हणाले, "ते त्यांना विचारा."

अक्का महिनाभर इकडून तिकडे हेलपाटे घालत राहिल्या. शेवटी दोघे प्राध्यापक कॅन्टीनमध्ये एका टेबलाशी कॉफी पिताना दिसले, आणि कॉलेजात ही बातमी परीक्षेच्या निकालासारखी पसरली.

शिकलेलं पोटात ठेवणं अक्कांना जमत नसे. दारी येणाऱ्या फूलवालीला त्यांनी तिथलं यादवी युद्ध तमिळमधून समजावलं, आणि तेही भाऊबंदकी म्हणून. ती बिचारी मोगरा मोजायची विसरून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अय्यो, मग घराची वाटणी झाली का?"

"नाही झाली! सोळाव्यांनीं होऊं दिली नाही!"

एकदा त्यांनी पुस्तकात वाचून भोपळ्याचा अमेरिकन पदार्थ केला. भोपळ्याला तमिळमध्ये परंगीकाय म्हणतात, म्हणजे फिरंग्यांची भाजी. "मग त्यांचीच ही," असं म्हणून अक्कांनी त्यात गूळ घातला, वेलची घातली, आणि कोळशाच्या शेगडीवर पातेलं ठेवून झाकणावरही निखारे रचले. जे झालं ते बिघडलेल्या घारग्यासारखं लागत होतं. "कैसें हाय अमेरिका?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जरा खाली लागलीय."

तोंडी परीक्षेची हकीकत तर मांबलमभर झाली. परीक्षकांनी विचारलं, गुलामांना मुक्त कुणी केलं? "सोळाव्यांनी." नाव? अक्कांनी मान खाली घातली. नाव सांगा, बाई! परीक्षक इरेला पेटले. तेव्हा अक्कांनी पदर सावरला, घसा साफ केला, आणि दोन ओळींचा इंग्रजी उखाणा रचून त्यात सोळाव्यांचं नाव घेतलं. परीक्षक उठून उभे राहिले म्हणतात.

अक्का दुसऱ्या वर्गात पास झाल्या. पेढे द्यायला वर आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "राघू येतो पुढच्या महिन्यांत. सुनेला घेऊन."

"सून? लग्न कधी झालं?"

"दोन वर्षें झालीं. तिकडचीच हाय. मार्था. दीर म्हणाले, ती उंबरा ओलांडील तर आम्ही ओलांडणार नाही. मी म्हटलें, सरी, बरें, नका ओलांडूं." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मार्था आली. उंच, सडपातळ, उन्हाने लाल झालेली. अक्कांनी ओवाळून तिला घरात घेतलं. कॉफी झाली न झाली तोच तिला तिसऱ्यांबद्दल विचारलं, मग अकराव्यांबद्दल. मार्थाला अकरावे कोण ते ठाऊक नव्हतं. अक्का चकित झाल्या. "बाळ, तुझ्या घरचें तुज कोणीं सांगितलें नाही?" मग नव्या सुनेला घरातले वाडवडील सांगावेत तसं आठवडाभर त्यांनी मार्थाला अमेरिका सांगितली. मार्था हसून ऐकत होती. राघू मात्र डोक्याला हात लावून बसायचा.

मग राघू नोकरीच्या मुलाखतीसाठी बंगलोरला गेला. दीर खरोखरच आले नाहीत, त्यांच्या घरचंही कुणी फिरकलं नाही. मार्था गप्प झाली. जेवण ताटात राहू लागलं. एका दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर खाली विहिरीच्या कट्ट्यावर ती गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. खांदे हलत होते.

मी खाली धावले. अक्का माझ्याआधी पोचल्या होत्या. आता सोळाव्यांचं सोसणं निघणार, असं मला वाटलं. पण त्या तिच्या शेजारी नुसत्या बसल्या. आपल्या सावकाश इंग्रजीत त्यांनी विचारलं, "तुझ्या घराच्या मागल्या दारीं काय हाय?"

मार्थाने डोकं वर केलं. "सफरचंदाचं झाड," ती म्हणाली. मग थांबून, "म्हातारं झालंय. फळं आंबट लागतात." मग झाडाला बांधलेला झोका निघाला, झोक्यावरून पडलेला भाऊ निघाला, त्याला रागावणारी आणि लगेच जवळ घेणारी आई निघाली. मी कॉफी आणून ठेवली, ती निवून गेली. मार्था बोलत होती, रडत होती, मधेच हसत होती. अक्का फक्त "मग?" म्हणत होत्या.

नंतर त्या स्वयंपाकघरात पेले विसळत होत्या. मी म्हटलं, "अक्का, एवढी पदवी घेतलीत, आणि विचारलंत काय, तर मागल्या दारी काय आहे!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी तेरा वर्षांची या घरीं आलें. सासू चांगली होती. लुगडीं दिलीं, दागिने दिले. पण तंजावरीं तुझें घर कैसें होतें, दारीं काय होतें, कोणीं विचारलें नाही. एकदांही नाही. मी सांगायला बसलें होतें." पाण्याची धार पेल्यावर पडत राहिली. "मज वाटलें, ही येईल, तिला पुसायचें तर आपणांस आधी कांहीं ठाऊक हवें. पुस्तकांत देश सांपडला. घर तिलाच पुसायला हवें."

तेवढ्यात मागल्या दारातून मार्थाची हाक आली. "अम्मा!" ती पहिल्यांदाच त्यांना तशी हाक मारत होती. झाडाखालच्या कुत्र्याचं सांगायचं राहिलं होतं म्हणे.

अक्कांनी पेले तसेच टाकले, ओले हात पदराला पुसले आणि लगबगीने बाहेर गेल्या.