तालुका नापास

मराठी मंडळाच्या जेवणात नवा माणूस भेटला की आपण विचारतो, "नोकरी कुठं? राहायला कुठं?" वायंगणकरकाका विचारतात, "तालुका कुठला?" त्यानं सांगितला की लगेच दुसरा प्रश्न, "मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो का?" समोरचा बिचारा पुण्याच्या सोसायटीत वाढलेला असतो. श्रीखंडाचा चमचा हवेत धरून तो म्हणतो, "अंकल, विहीर कधी बघितली नाही." काका खिशातून वही काढतात, 'माहिती अपूर्ण' असं लिहितात आणि पुढच्या पानाकडे वळतात. म्हणजे वहीच्याही आणि पंगतीतल्याही.

काका आमचे शेजारी. अबू धाबीत, अल रीम आयलंडवर सत्ताविसाव्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर. मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग तपासायचे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा, यासारखं सुख नाही. रिटायर झाल्यावर गावाकडे थोडी जमीन, छोटं घर, दोन गाई, भाजीपाला, आपलं आपण पिकवून खायचं, हा त्यांचा बेत. स्वतःचं गाव होतं, पण तिथल्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावं. "शेतकरी असल्याचा दाखला मिळतो रे, पाय ठेवायला जागा मिळत नाही," असं काकाच सांगायचे. म्हणून तालुका शोधणं आलं.

शोधायची रीत मात्र वर्कशॉपचीच. पाणी, वीज, रस्ता, डॉक्टर, दळण, शेजार असे रकाने. एकात खोट निघाली की तालुका बाद. "एक जोड कच्चा म्हणजे पूर्ण पाइप रिजेक्ट. खलास!"

विजेची परीक्षा तर ऐकण्यासारखी होती. नकाशावरून ते त्या त्या तालुक्यातल्या पिठाच्या गिरणीचा नंबर काढत आणि दर बुधवारी दुपारी अबू धाबीहून फोन लावत, "गिरणी चालू आहे का?" पाटण तालुक्यातल्या एका गिरणीवाल्याला त्यांचा आवाज ओळखीचा झाला. "लाइट हाय काका," तो एकदा वैतागून म्हणाला, "पण तुमचं दळण काय येत न्हाई." काका ओशाळले. मग 'शेजार' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'चौकशी करतात.'

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं खोर फक्कानच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो. समोर निळाशार समुद्र, आणि काका पाठ करून डोंगराकडे बघत उभे. "डोंगर आहे, वर धरण आहे. पाण्याला पास. पण गुरांना चारा?" त्यांची मुलगी ईशा, इथंच जन्मली, इथंच नोकरीला लागली, तिनं कपाळाला हात लावला. "बाबा, इट्स अ बीच! जस्ट सिट!" काकूंनी शांतपणे धपाटे वाढले आणि म्हणाल्या, "यांच्या वहीत निम्मा महाराष्ट्र नापास झालाय. आता अरबस्तानाचा नंबर."

हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. पण यंदा काकांची नोकरी संपली. व्हिसाला तीन महिने उरले आणि पास झालेला तालुका एकही नाही. सामान कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, हे काकू रोज विचारू लागल्या. मी मे महिन्यात सुट्टीवर निघालो तेव्हा काकांनी छापील रकाने हातात दिले. "नितीन, पाटण बघून ये. स्वतः बघ, कुणाचं ऐकू नकोस."

मी गेलो. एसटीनं कंबर धरली, पण दोन दिवस इमानदारीनं फिरलो. विहिरीला मे महिन्यात पाणी होतं. मी त्यात पोहलोसुद्धा. दवाखान्यात डॉक्टर खुर्चीत बसलेला सापडला. गिरणीवाल्यानं काकांच्या नावानं मला चहा पाजला. मी तिथूनच फोन केला, "काका, सगळं ओके! यल्ला, बॅगा भरा!"

"बरं. बघतो," एवढंच ते म्हणाले.

परत आलो तर काकूंनी दारातच बातमी दिली. पाटण नापास. पास झाला होता दुसराच तालुका. त्याचं नाव सांगत नाही, तिथले लोक माझ्यावर धावून येतील. तिथली जमीन मुरमाड, आणि संक्रांतीनंतर विहिरी कोरड्या. माझी कंबर अजून दुखत होती. मी तडक आत घुसलो. काका खोक्यांना चिकटपट्टी लावत होते.

"काका, तिथं प्यायला टँकर येतो! तो पास कसा झाला?"

"विमानतळापासून दीड तास."

"तुम्हाला कुठं रोज विमान पकडायचंय?"

"मला नाही रे." त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "ईशाचं ऑफिस शुक्रवारी दुपारी सुटतं. संध्याकाळचं विमान मिळालं तर रात्री उशिरा का होईना, आमच्याबरोबर जेवेल. शनिवार पूर्ण आमचा. रविवारी दुपारी जेवून निघाली तरी सोमवारी ऑफिसात हजर. थेट विमान जिथं उतरतं, तिथून पाटणला सात तास. पोरगी दमून येणार, झोपणार, उठली की बॅग भरणार. दोनदा येईल, तीनदा येईल. मग म्हणेल, बाबा, टू फार. आणि तिचं चुकणार नाही."

"पण गाई?" मी विचारलं.

"शेळ्या पाळू. शेळीला पाणी कमी लागतं."

या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली होती. माझी दोन मुलं त्या वेळी समोरच्या घरात आरडाओरडा करत होती. त्यांचा आवाज ऐकत मी खाली ठेवलेली चिकटपट्टी उचलून काकांच्या हातात दिली.

"ईशाला माहीत आहे हे?"

"इन्शाल्ला कधी कळणार नाही. कळलं तर म्हणेल, माझ्यासाठी नको, पाणी बघून जा. मी तिला सांगितलंय, बारमाही विहीर आहे."

मी बाहेर पडलो. लिफ्टमधून ईशा येत होती, हातात बाबांसाठी आणखी दोन रिकामी खोकी. मला बघून थांबली.

"अंकल, यू वेंट अँड सॉ सो मेनी थिंग्ज फॉर हिम. हे जे फायनल झालंय ना, इज देअर रिअली वॉटर?"

"भरपूर," मी म्हणालो.