दुसऱ्या घावाला बोललेल्या काडतुसाची हकीकत

श्रीजगदंबेचे पायी मस्तक ठेवून, बंदुकीचे दारूचा स्वभाव जाणणाऱ्या सकळ कारागिरांस नमस्कार करून, डोळां पाहिले तैसे लिहितो. शके अठराशे दोन, विक्रमनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस एके राज्यात ऐसा चमत्कार जाहला की सांगताना अद्याप अंगावर काटा येतो. महाराजांनी नवे पिस्तूल पाहुण्या सरदारांस दाखवावे म्हणून निशाणाचे मैदानी बैठक केली, आणि काडतुसे घरच्या दारूखान्यातली, सगुणाबाई जिनगरीण हिने हाते भरलेली, आणि मग महाराजांनी नेम धरून चाप ओढिला, तों नुसते टक् वाजले. दुसरे घातले, तेही टक्. तिसरे उडाले, चवथे मुके. पाहुणे मिशीआड हसले, आणि महाराज लालबुंद जाहले, आणि मग हुकूम सुटला की बाईने दारूत भेसळ केली, सबब तिचा उजवा अंगठा तोडावा. अंगठा गेला म्हणजे त्या विधवेची भाकरी गेली, हे सर्वांस ठाऊक, पण बोलतो कोण?

बाईस आणिले. रडली नाही, हे विशेष. मुकी काडतुसे मागून घेतली, काडतुसाचे बुडाशी जी ठिणगी देणारी टोपी असते तीवर बोट फिरविले, आणि म्हणाली, "सरकार, हेच पुन्हा घालावे, आणि निशाणावरच रोखावे."

महाराजांनी घातले, चाप ओढिला, आणि काय सांगावे, मेलेले काडतूस कडाडून उडाले. मग दुसरे, मग चवथे, तीही उडाली. आम्ही तोंडात बोट घालून उभे. मग बाईने उलगडा केला की दारू निर्दोष, टोपीही निर्दोष, परंतु टोपी बुडाचे खळग्यात तळास टेकली नव्हती, वर उचलून राहिली होती, आणि पहिला घाव तिला खाली बसविण्यातच खर्च जाहला, दुसऱ्याने ती पेटली. महाराजांनी पुसिले, तळास का टेकली नाही? तेव्हां दारूखान्याचे दारोगा सिदोजीराव वाघचौरे पुढे होऊन सांगू लागले. चाल ऐसी की टोपी बसविण्याचे यंत्राचा दांडा दाबून धरावा, देवीचे नाव तीन वेळ घ्यावे, मगच सोडावा. यावेळी कामकरी एकदाच नाव घेऊन दांडा सोडीत गेले.

"एकदाच घ्या, ऐसे कोणी सांगितले?" महाराज गरजले.

बाईने मान वर केली. "सोमवारी सरकारस्वारी दारूखान्यात आली होती. घाई करा, एकदा पुरे, म्हणाले."

महाराजांस सोमवार आठवला, तो मुखावर आम्हांस स्पष्ट दिसला. मग पिस्तूल खाली ठेवून महाराजांनी आपला उजवा हात पुढे केला आणि हळू आवाजात पुसिले, "मग अंगठा कोणाचा तोडावा, बाई?"

बाई म्हणाली, "कोणाचाच नको, सरकार. शंभर टोप्या पुन्हा बसवायच्या आहेत, हात कमी पडतील."

सारांश, दुसरे दिवशी महाराज दारूखान्यात बाईचे शेजारी पाटावर बसून टोप्या बसवू लागले, आणि सांजपर्यंत त्यांचे हातचे एकही काडतूस तिने तपासल्यावाचून पुढे गेले नाही.