बेडरूममधली अंबाडी

माठाची जुडी निवडताना पानावर एक बारीक हिरवी अळी वळवळली आणि चंदनाताईंनी जाहीर केलं, की आजपासून बाजारातली पालेभाजी घरात येणार नाही. कसबा बावड्यातल्या बोरगाव्यांच्या फ्लॅटमध्ये कांदा, लसूण, बटाट्याला आधीपासूनच मज्जाव होता. त्यात आता पालेभाजीही गेली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णासो बोरगावे बाकी सगळं सोसायला तयार होते, पण भाकरीबरोबर अंबाडी नाही म्हणजे त्यांना जेवल्यासारखंच वाटेना.

"किडा मातीत असतोय. मग मातीच नको," असं म्हणून त्यांनी मोबाइलवर शोधाशोध सुरू केली. तिथे त्यांना एक दाढीवाला गोरा सापडला. त्याचं इंग्रजी आगगाडीसारखं सुटलेलं, पण हात मात्र स्पष्ट बोलत होते. खोलीत चार पायांवर लाकडी वाफा, त्यात माती नाही, नुसता नारळाचा भुसा, वर जांभळे दिवे आणि खाली डुलणारी हिरवीगार रोपं.

"चंदना, हिकडं ये! परदेशात सुद्धा अंबाडी लावत्यात बघ. ती बी बेडरूममध्ये!"

चंदनाताईंनी चष्मा सावरून पाहिलं. बोटं पसरल्यासारखी पानं, कडेला करवतीचे दाते. "व्हय की वो. किती जपतोय बिचारा. पानन् पान पुसतोय."

मुलगा अनेकांत नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामीच होती. अण्णासोंनी त्याचा पलंग उलटा केला, फळ्यांची खोकी ठोकली, तळाला जाळी आणि कापड घातलं, जादा पाणी गळायला खाली परात ठेवली. कोकोपीटच्या, म्हणजे दाबलेल्या नारळाच्या भुशाच्या, विटा एकेक करून बादलीत भिजवून वाफा भरला आणि अंबाडीचं बी टाकलं. गोऱ्यानं खिडकीला चंदेरी कागद लावला होता, म्हणून यांनीही लावला. त्यानं जांभळे दिवे टांगले, यांनी टांगले. त्यानं पंखा ठेवला, यांनी ठेवला. अंबाडीनं असा काही जोर धरला, की बघता बघता ती कमरेला आली. अण्णासोंची छाती तिच्याही वर गेली.

मग दुसरा वाफा करायचं ठरलं. पहिल्या वेळी एकेक वीट भिजवण्यात फार वेळ गेला होता. या वेळी त्यांनी सहाच्या सहा विटा बाथरूममध्ये मांडल्या, नळ सोडला, दार ओढून घेतलं आणि ते बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शनाला गेले. चंदनाताई तिथं आधीच गेल्या होत्या.

अण्णासो एकटेच परत आले तर जिन्यातच खालच्या मजल्यावरचा दत्तप्रसाद उभा. कमरेला टॉवेल, डोक्याला साबणाचा फेस आणि त्यावरून ओघळणारं चहाच्या रंगाचं पाणी.

"काका, आंघोळ करतोय का चहा गाळतोय तेच कळंना मला!"

दोघं वर धावले. बाथरूमचं दार आत उघडत होतं, पण ते आत जाईना. सहा विटांनी फुगून अख्खी खोली व्यापली होती, मोरीचं तोंड बंद झालं होतं. दत्तप्रसादनं खांदा लावला तेव्हा फटीतून भुशाचं एक ढेकूळ फक्कन बाहेर आलं. अण्णासोंनी हात घालून कसाबसा नळ बंद केला. घमेलं आणायला दत्तप्रसाद अनेकांतच्या खोलीकडे वळला आणि दारातच थिजला.

"काका... हे काय लावलंयसा?"

"परदेशी पद्धत. माती न्हाय, किडा न्हाय. एकदम शुद्ध."

दत्तप्रसादनं आवाज खाली आणला. "काकूंना म्हाईत हाय?"

"तिच्यासाठीच केलंय की! तिला बाजारातलं चालत न्हाय."

"काकू पण?"

"लगीन झाल्यापासनं. आता बस्तीतल्या मंडळींना बी वाटायचं म्हणतोय."

दत्तप्रसादनं मागे जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. "थोडं न्हेऊ का?"

"न्हे की! लाजतोस काय?" अण्णासोंनी दोन मुठी खुडून दिल्या. "पण ताजंच घे. सुकलं की मजा जाती."

बाथरूम उपसणं लवकर आटोपेना. घमेलंभर काढलं की उरलेलं पसरून पुन्हा तेवढंच दिसे. बोरगावे पतिपत्नी आंघोळीला चुलत भावाकडे जाऊ लागले. दोन दिवसांनी अण्णासो असेच भुशात गुडघाभर उभे असताना बेल वाजली. दारात फौजदार संयोगिताबाई आणि त्यांच्यामागे मिशाळ हवालदार हंबीरराव.

"बोरगावे तुम्हीच? तुमच्याच इमारतीतून फोन आलाय. भैरवीताईंचा. नवऱ्याचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात पानं सापडली. नवरा दत्तप्रसाद म्हणतो, वरच्या काकांनी दिली."

"दिली की! तुमास्नी पण देतो. या आत."

संयोगिताबाईंनी हंबीररावांकडे पाहिलं. इतकं सरळ कुणी कबूल केल्याचं दोघांच्याही नोकरीत घडलं नव्हतं. जांभळा उजेड, चंदेरी खिडक्या आणि कमरेएवढं रान बघून हंबीररावांनी पट्टा वर ओढला. "पावणं, हे शिकलासा कुठं?"

अण्णासोंनी अभिमानानं मोबाइल पुढं केला. "हे माझं गुरू!"

संयोगिताबाईंनी वरची इंग्रजी ओळ वाचली. "काका, हा माणूस गांजा लावायला शिकवतोय."

अण्णासो मटकन पलंगावर बसायला गेले, पण पलंगाचा वाफा झाला होता. ते अंबाडीतच बसले. ज्या माणसानं जन्मात कांदा तोंडात घातला नाही, त्याला आता जीपमध्ये घालून नेणार. बस्तीसमोरूनच नेणार.

चंदनाताई मात्र तरातरा पुढे आल्या. एक पान तोडून त्यांनी हंबीररावांसमोर धरलं. "चावून बघा."

"मी ड्युटीवर हाय, वहिनी."

"चावा म्हणते न्हवं!"

हंबीररावांनी पान चावलं. एक डोळा आपोआप मिटला, गाल आत गेले, मिशी थरथरली. "मॅडम, आंबाट हाय. अंबाडीच हाय ही. माझी आई डाळ घालून करायची." आणि खात्री करायला त्यांनी आणखी दोन पानं तोंडात टाकली. संयोगिताबाईंनीही एक चावलं आणि इतका वेळ दाबलेलं हसू त्यांना फुटलं.

तासाभरानं जीप गेली. मागच्या सीटवर चार जुड्या होत्या आणि डाळ किती घालायची ते हंबीरराव पाठ करत होते. अण्णासोंनी मोबाइल उघडून दाढीवाल्याला एकवार दुखऱ्या नजरेनं पाहिलं. "चेहऱ्यावरनं किती सज्जन वाटत हुता," ते म्हणाले.

संध्याकाळी दारावर हलकेच टकटक झाली. दत्तप्रसाद होता. चेहरा उतरलेला.

"काका, खरं सांगा. नुसती अंबाडीच?"

"व्हय की. का रं?"

"काल गच्चीवर आमी चार मित्रांनी वाळवून ओढली. अमरसिंहला तर लै चढली. मला पण... म्हणजे, तरंगल्यागत वाटत हुतं."

अण्णासोंना त्याची दया आली.

"बाळा, ओढायची न्हवं ती. भाजी करून खायची. पोट साफ हुतंय."

"ते आज सकाळी झालंच," दत्तप्रसाद म्हणाला आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरू लागला.