एक डोकं जास्त

आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांना बसवायचं रबर तयार होतं. पावसाचा थेंब गाडीत शिरू नये, एवढंच त्या रबराचं काम. आणि शिरतो की नाही, हे तपासणं माझं. चाकण भागात अशा कंपन्या पुष्कळ आहेत. पण आभाळातल्या विजेपासून कामगारांचा जीव वाचवण्याची लेखी कार्यपद्धती फक्त आमच्याकडे आहे, असं आमचे सेफ्टी ऑफिसर सिद्धेश सर सांगतात.

झालं होतं असं, की वेधशाळेचे इशारे मोबाइलवर येतात आणि आमचे मोबाइल शिफ्ट संपेपर्यंत लॉकरमध्ये असतात. त्यामुळे ‘येत्या तीन तासांत विजांच्या कडकडाटासह मुसळधार’ हे आम्हाला भिजून झाल्यावर कळायचं. ऑडिटवाल्यांनी त्यावर बोट ठेवलं. तेव्हा सरांनी तोडगा काढला: इशारा आला, की सायरन वाजवायचा. सायरन एकच होता, आगीचा. तो वाजला की काय करायचं, हेही आधीच ठरलेलं होतं. हातातलं काम टाकून, न धावता, समोरच्या मोकळ्या मैदानात असेंब्ली पॉइंटवर रांगेत उभं राहायचं.

आग लागली असेल, तर यात चूक काढायला जागा नाही. पण आम्ही विजा चमकायला लागल्या की सिमेंटच्या पक्क्या इमारतीतून निघून मैदानातल्या लोखंडी खांबाभोवती जमायला लागलो. खांबावर असेंब्ली पॉइंटची हिरवी पाटी होती आणि आसपास त्याहून उंच काहीच नव्हतं.

मी एकदा विचारलं, “सर, विजा होत असताना आतच थांबायचं असतं ना?”

“अगदी बरोबर,” सर म्हणाले. “पण आत किती जण थांबलेत, हे बाहेर मोजल्याशिवाय कळणार कसं?”

वेगळ्या आवाजाच्या सायरनसाठी मुख्य कार्यालयाकडे मागणी गेली होती. ती हिवाळ्यापर्यंत मंजूर होईल, अशी खात्री होती. तोवर आम्ही भिजतो अशी तक्रार माझ्या शेजारच्या टेबलावरच्या निशिगंधाने केली. तिची लगेच दखल घेऊन सगळ्यांना छत्र्या दिल्या. लांब दांड्याच्या, वर लोखंडी टोक असलेल्या.

जुलैत एकदा लाल इशारा आला. माझी सोनू दीड वर्षाची आहे. दिवसभर ती कुरुळीत शालनबाईंकडे असते. त्या आपल्या खोलीत पाच-सहा पोरं सांभाळतात, आणि त्यांची कार्यपद्धती लेखी नाही: ओढ्याचं पाणी पायरीला लागलं, की पोर आईच्या हवाली. माझा फोन लॉकरमध्ये वाजून वाजून थकला, तेव्हा त्या सोनूला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून रिक्षाने थेट गेटवर आल्या. वॉचमन खंडूभाऊंना म्हणाल्या, “ही विजयश्रीची पोरगी घ्या. माज्या घरात पानी शिरतंय. हितं पक्कं छप्पर हाय, काळजी न्हाई.” आणि उरलेल्या पोरांसाठी त्याच रिक्षाने परत गेल्या.

तेवढ्यात सायरन वाजला. सायरन वाजल्यावर गेटच्या केबिनमध्ये बाहेरचं माणूस ठेवता येत नाही. खंडूभाऊंनी नियमाप्रमाणे सोनूला पाहुण्यांचं पिवळं हेल्मेट घातलं, ते तिच्या खांद्यांवर टेकलं, आणि तिला सुरक्षित जागी, म्हणजे मैदानात, आणून माझ्या कडेवर दिलं.

सरांनी डोकी मोजली. एक जास्त भरलं. परत मोजली, तरी एक जास्तच. आकडा जुळल्याशिवाय कोणाला आत सोडता येत नाही.

“कमी असतं तर शोधलं असतं,” सर हताश होऊन म्हणाले. “जास्तीचं काय करायचं, याची तरतूदच नाही.”

मी म्हटलं, ही माझी मुलगी आहे, हिला मोजू नका. हेल्मेट घातलेलं डोकं सोडता येत नाही, असं ते म्हणाले. मी हेल्मेट काढलं. तर मैदानात हेल्मेटशिवाय व्यक्ती उभी असल्याची वेगळी नोंद झाली. वर आभाळ फाटत होतं. प्रत्येक गडगडाटाला सोनूची बारकी नखं माझ्या मानेत रुतत होती. मी छत्री फेकून दिली. तिला दुसऱ्या हातावर घ्यायला गेले, तेवढ्यात ती सुळकन खाली उतरली आणि नुकतीच शिकलेली डगमगती पावलं टाकत सरळ इमारतीच्या दाराकडे निघाली. तिला अजून पाट्या वाचता येत नाहीत.

“जुळलं!” सर म्हणाले.

पण तोवर मी तिच्या मागे पळाले होते. आता एक कमी भरलं.

“विजयश्री मॅडम, परत या,” सरांनी मैदानातून हाक मारली. “तुमच्या एकटीमुळे एवढी माणसं भिजताहेत.”

मी दारात, कोरड्यात. सोनूला दोनच शब्द येतात, ‘ये’ आणि ‘नको’. तिने बाहेर हात पसरला आणि अख्ख्या रांगेला म्हणाली, “ये.” निशिगंधाने एक पाऊल पुढे टाकलं, डावी-उजवीकडे पाहिलं आणि ते मागे घेतलं. भिंतीपलीकडच्या माळावर वीज पडली. मैदान क्षणभर पांढरंफटक झालं. रांग जराही हलली नाही.

मी परत गेले नाही.

शेवटी सरांना तरतूद सापडली. ठरावीक वेळेत न मिळालेली व्यक्ती बेपत्ता धरता येते. मला बेपत्ता धरलं, आकडा जुळला, आणि सगळे शिस्तीत आत आले. मी दारातच उभी होते. सरांनी पाय पुसता पुसता मला जरा बाजूला व्हायला सांगितलं.

तेव्हापासून माझं कार्ड गेटवर चालत नाही. दोन दिवस ओढ्याकाठी माझा शोधही घेतला म्हणे. मी सोनूला कडेवर घेऊन सरांना भेटले. माणूस वाईट नाही. त्यांनी तिच्या सर्दीची चौकशी केली, खोकल्याला अडुळसा सुचवला. पण बेपत्ता माणूस सापडल्याची नोंद मैदानातच होते, मोजणीच्या वेळी. “पुढचा इशारा आला, की येऊन उभ्या राहा,” ते म्हणाले. “लगेच सापडाल.”

नेमकी पावसाने उघडीप दिली आहे. दुपारी सोनूची दुपटी वाळत घालते आणि वीज कधी चमकते म्हणून आभाळाकडे बघते. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणते, “ये.”

कुरुळीच्या बाजारात कंपनीतलं कोणी ना कोणी भेटतं. निशिगंधा, खंडूभाऊ, सगळेच म्हणतात, केलंस ते बरोबर केलंस. वाचता वाचता तुम्हीही तेच म्हणालात ना? बरं वाटलं. त्या दिवशी रांगेतला प्रत्येक जण हेच म्हणत होता. मनातल्या मनात, छत्री सरळ धरून.