दर दोन मिनिटांनी भोईर सर

चंद्राच्या गुरुत्वाकर्षणाबद्दल ऐकताना दचकून कुणी खुर्चीतून उठत नाही. मी उठले आहे. कानात इअरफोन होते. भोईर सर अगदी पुस्तकी, मऊ मराठीत समजावत होते की समुद्राचं पाणी चंद्राकडे ओढलं जातं आणि म्हणून भरती येते. मधेच, काही कारण नसताना, ते घसा फोडून ओरडले, "जागा हायेस ना रं?" आणि लगेच पुन्हा पहिल्याच आवाजात म्हणाले, "आता आपण ओहोटी पाहू."

मी चिडून घड्याळ लावून मोजलं. दर दोन मिनिटांनी एकदा. चौदा मिनिटांच्या धड्यात सहा वेळा.

मी गणित शिकवते आणि मला वेड्यावाकड्या गोष्टी खपत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. गेल्या जूनमध्ये मी कळंबोलीच्या या मराठी शाळेत आले. इथल्या निम्म्या मुलांचे वडील ट्रक चालवतात, उरलेल्यांचे लोखंडाच्या यार्डात माल चढवतात-उतरवतात. भोईर सर भूगोलाचे. इथलेच, खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरावर होते, त्यामुळे भरती-ओहोटी त्यांच्या घरातलीच.

पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, डब्यातली चटणी घ्या. तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. मी मधला कप्पा उघडला तर आत चटणी नव्हती, पेनड्राइव्ह होते. पन्नासेक तरी असतील, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि धड्याचं नाव. सर त्यांना कांड्या म्हणत. एक कांडी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "वाजवून बगा." ही त्यांची सगळ्यांना एकच विनंती. शिपायाच्या मुलीच्या लग्नात नवऱ्या मुलालाही त्यांनी पाकिटातून कांडी दिली होती, 'भारताचा किनारा' नावाची. नवऱ्या मुलाला वाटलं लग्नाचा व्हिडिओ आहे, त्याने घरी सगळ्यांसमोर लावली. सासरचे अजून त्यावरून बोलतात.

रेकॉर्डिंग चाले खेळाच्या सामानाच्या खोलीत. दार बंद, पंखा बंद, चारी बाजूंना गाद्या उभ्या केलेल्या आणि मधे घामाने निथळणारे भोईर सर. पुढे वरून आदेश आला की सर्व शिक्षकांनी पॉडकास्ट तयार करावेत. आमची सगळ्यांची धावपळ झाली. सर मात्र ते आधीपासूनच करत होते, त्याला पॉडकास्ट म्हणतात एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

या कांड्या मुलांसाठी नव्हत्याच, त्यांच्या वडिलांसाठी होत्या. सरांचं म्हणणं असं, की बाप महिन्यातले वीस दिवस गाडीवर. घरी आला की विचारतो, अभ्यास कसा चाललाय? पोर म्हणतं, चांगला. संपलं बोलणं. ट्रकच्या टेपमध्ये बापाने तोच धडा ऐकला, तर दोघांना बोलायला काहीतरी होईल. हे मला पटलं होतं. ओरडणं पटत नव्हतं.

वर्गात स्पीकरवर धडा लागला की मुलं त्या ओरडण्याची वाटच बघत. झालं की खसखस पिके. फक्त तिसऱ्या बाकावरची पल्लवी हसत नसे. सातवीतली, दोन वेण्या, अबोल. स्पीकरने विचारलं की ती हजेरी द्यावी तसं मोठ्याने म्हणे, "हाय." मला वाटलं, हीसुद्धा सरांच्या वळणावर गेली.

जानेवारीत पालक मेळावा ठरला. संस्थेचे लोक येणार, शाळेचा पॉडकास्ट ऐकवायचा आणि साठ पालकांना पेनड्राइव्ह वाटायचे. मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शिंदे मॅडम, भोईर सरांचंच घ्या, आवाज चांगलाय. फक्त ते मधलं ओरडणं काढून टाका. फार ऑकवर्ड वाटतं."

सरांना विचारायला हवं होतं. पण ते त्या आठवड्यात सरकारी कामाच्या ट्रेनिंगला बेलापूरला होते आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं. एकतीस धडे होते. एकेक ओरडणं मी कापत गेले, भाजी निवडावी तशी. मला त्यात आनंद होत होता. साफ झालेला धडा मी जुन्यावरच सेव्ह करत गेले, म्हणजे घोळ नको.

मेळाव्यात भरती-ओहोटीचा धडा लावला. काय गोड आवाज होता! पाहुणे माना डोलवत होते, एक काका तर पेंगायला लागले. दोन मिनिटं झाली, धडा अखंड पुढे गेला आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "हाय." पाहुणे वळून बघायला लागले. मी डोळे वटारले. पुन्हा दोन मिनिटांनी, "हाय."

कार्यक्रम संपल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतलं. कुणी विचारलं नाही तर उत्तर कशाला देतेस, म्हणून झापलं. ती खाली बघत म्हणाली, "सर पप्पांना विचारतात. कुणीतरी सांगायला पायजे ना." मला काही कळलं नाही. समजून घेतलंही नाही.

सोमवारी भोईर सर आले, स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर एक धडा अर्धा ऐकला आणि उभे राहिले. मी भांडायची तयारी करून बसले होते. ते भांडले नाहीत. पेनड्राइव्ह कुणाकुणाला दिले त्याची यादी मागितली, त्यातल्या ड्रायव्हरांवर खुणा केल्या. मेळाव्याला स्वतः आलेले अकरा होते. मग मला म्हणाले, चला. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. का बसले, कोण जाणे. त्यांचा चेहरा तसा होता.

भर उन्हात आम्ही ट्रक टर्मिनलमध्ये एकेक गाडी शोधत फिरलो. सर केबिनच्या पायरीवर चढायचे, टेपमधून कांडी उपसायचे, डब्यातली जुनी कांडी तिथे खोचायचे. ड्रायव्हर हसायचे. एक जण मला म्हणाला, नवीन धडा लय भारी होता मॅडम, एकदम झोपच लागती.

सातजण भेटले. चारजण गाडी घेऊन निघून गेले होते.

चहाच्या टपरीवर बसून सरांनी त्या चौघांना फोन लावले. तिघांनी उचलला. सरांनी प्रत्येकाला सांगितलं, ती कांडी काढ, फेकून दे. चौथ्याचा फोन बंद होता. सर दर पाच मिनिटांनी लावत राहिले आणि मधल्या वेळात, फोनकडेच बघत, त्यांनी मला सांगितलं.

पल्लवीचे वडील गोरख हे त्यांचे सगळ्यात चांगले विद्यार्थी. गाडीतून रोज लेकीला फोन करायचे, कृष्णा कुठे उगम पावते, सांग. मागच्या वर्षी, मी या शाळेत येण्याआधी, एका पहाटे सोलापूरच्या अलीकडे त्यांचा डोळा लागला. उभ्या ट्रेलरवर गाडी गेली. मागून येणारा गाडीवाला धावत पोचला तेव्हा केबिनचा चेंदामेंदा झाला होता, पण टेप चालू होता. त्यात कुणीतरी हळू आवाजात भरती-ओहोटी समजावत होतं.

"माज्या आवाजान मानूस झोपला, मॅडम," सर म्हणाले. "माजा बाबा मिठागरावं मला जसा सांगायचा ना, तसाच मी तो धडा सांगतो. झोप येनारच त्याला."

मी म्हणाले, सर, तसं नसतं, दमलेला माणूस कशानेही झोपतो. ते खरंही असेल. पण मी एकतीस धड्यांतून कापून टाकलेलं ते ओरडणं एकेक करून माझ्या डोळ्यांसमोर येत होतं आणि मला माझीच लाज वाटत होती.

चौथ्याचा फोन चारच्या सुमारास आला. चार्जिंग संपलं होतं, आता ढाब्यावर जेवत होता. सरांनी आधी विचारलं, "जागा हायेस ना रं?" तिकडून उत्तर आलं. कांडी काढायला सांगून सरांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. चहा तसाच राहिला.

जुने धडे माझ्याकडे उरले नव्हते. पण सरांच्या डब्यातल्या कांड्यांवरून तीस धडे परत मिळाले. भरती-ओहोटीची कांडी तेवढी सापडली नाही, डब्यात नाही आणि कुणाच्या गाडीतही नाही. सर म्हणाले, नवीन करू. खेळाच्या खोलीत बसले, धडा सांगितला, पण दोन मिनिटांनी त्यांना ओरडता येईना. तोंड उघडायचे, आवाज निघायचा नाही. तीनदा प्रयत्न झाला.

शेवटी मीच पल्लवीला बोलावलं. तिला एवढंच सांगितलं की सरांचा घसा बसलाय, तू विचारशील का? तिने मान हलवली. गाद्यांच्या मधे सरांसमोर मांडी घालून बसली. सरांनी धडा सुरू केला. चंद्र, पाणी, ओढ. मी घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं झाली तशी मी खूण केली.

ती ओरडली नाही. रेकॉर्डिंगला लावलेल्या फोनच्या जवळ तोंड नेऊन, शेजारी झोपलेल्याला हलवून उठवावं तसं म्हणाली, "पप्पा, जागे हाय ना तुम्ही?"

मग भोईर सर खाली मान घालून म्हणाले, "जागा हाय बाय, जागा हाय."

हा धडा आता कळंबोलीतून निघणाऱ्या गाड्यांत वाजतो. सरांचं ते वाक्य धड्यातलं नाही, काढून टाकायला हवं, असं मोठ्या बाई म्हणाल्या. मी ते कापलेलं नाही.