मधली दोन मिनिटं

दिंद्रुडच्या बाजारपेठेत भरदुपारी एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या, तर समजावं की भानुदासअण्णांच्या दुकानात गाणं संपलं. अण्णा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देतात. गाणं संपलं की हातातली तांब्याची तार दातात धरायची, दोन्ही हात मोकळे करायचे आणि मनापासून टाळ्या वाजवायच्या, हा त्यांचा रिवाज. समोर असतो तो फक्त फळीवरचा स्पीकरचा डबा. ज्यांच्यासाठी टाळ्या, ते गाणारे अमेरिकेत.

हे वेड त्यांना मीच लावलं. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. पुण्याच्या मेव्हण्यानं मला गाण्यांनी भरलेला पेनड्राइव्ह दिला होता. मला त्यातलं काही झेपेना, म्हणून मोटार टाकायला गेलो तेव्हा तो अण्णांना देऊन टाकला. त्यात एका परदेशी बँडच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग निघालं, लोकांसमोर वाजवलेलं. बेंजो, व्हायोलिन, आणि स्वतःच बेंजो वाजवणारा गायक असा ओरडत होता की बांधावरून भांडण लागलंय असं वाटावं. मी पाच मिनिटांत हात टेकले होते. अण्णांनी ते त्या दिवशी तीनदा ऐकलं.

"सर, ह्याच्या बेंजोला बटनंच न्हाईत. नख्यानं वाजवितो गडी. पर लई पळतो!"

अण्णांना इंग्रजी येत नाही, पण त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही. त्या गायकाला त्यांनी सरपंच करून टाकलं आणि बाकीच्यांना 'आपली मंडळी'. "आज सरपंच तापलाय," असं ते मला सांगतात. रेकॉर्डिंग कालचंच, पण सरपंच आजच तापलेला असतो. गर्दीत कुणीतरी खोकतो, त्याचीही त्यांना काळजी. "डाव्या अंगाला बसलाय त्यो. एवढा खोकतो, दवाखान्यात कावून जात नसंल?"

जगातल्या गाण्यांचे त्यांनी दोनच प्रकार केलेत, कोरडी आणि वली. खोलीत दार लावून केलेलं कोरडं, माणसांत केलेलं वलं. मी एकदा कौतुकानं माझ्या आवडीचं गाणं ऐकवलं. अण्णांनी एक कडवं सोसलं. "कोरडं हाय," म्हणाले आणि बंद केलं. मी पुढचे चार दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही.

गिऱ्हाइकांनाही सुटका नाही. एक शेतकरी मोटार न्यायला घाईघाईनं आला.

"अण्णा, द्या लवकर. लाईट जाईल."

"बस बे. मंडळी गातेत न्‌ तू मधीच उठून जातो का?"

तो गुमान बसला. सगळेच बसतात, कारण अण्णांनी भरलेली मोटार पुन्हा लवकर जळत नाही.

मागच्या महिन्यात पेनड्राइव्ह बिघडला. कधी कुणाच्या दारात न जाणारे अण्णा माझ्या अंगणात येऊन उभे राहिले. "सर, मंडळी गेली," एवढंच म्हणाले. चेहरा असा, की माझ्या बायकोनं आतून पाणी आणलं.

माझ्या संगणकात ती गाणी होती. नवा पेनड्राइव्ह भरून देताना माझ्यातला शहाणा जागा झाला. रेकॉर्डिंगच्या मध्ये दोन मिनिटं काहीच नव्हतं. वाजवणं थांबतं, लोक शिट्ट्या मारतात, हसतात, मग गाणं पुढं सुरू. मी ती दोन मिनिटं कापली, सांधा बेमालूम जुळवला, वर संगणकातलं जुनं पुसून टाकलं आणि स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी दुकानावरून गेलो तर डबा बंद. अण्णा हात मांडीवर ठेवून बसलेले.

"मधली दोन मिनिटं कुटं गेली, सर?"

"अण्णा, त्यात काहीच नव्हतं."

"तुमाला काय ठावं त्यात काय व्हतं?"

त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग तो आपोआप उतरला आणि अण्णा बोलू लागले. तरुणपणी ते एका बेंजो पार्टीत वाजवायचे, हे मला तेव्हा कळलं. नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत निघतो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्यापुढं बेंजो असला की पोरं रस्ता सोडत नसत.

"नारायणगडाकडं एका लग्नाला गेलतो. ऐन वेशीत माझी तार तुटली. म्हनलं, दोन मिनिटं थांबा, तार खिशातच हाय. कुनी ऐकंना. नवऱ्याच्या मामानं जीपमधला टेप लावला. पोरं तशीच नाचत म्होरं गेली. आमचा ढोलकीवाला बी गेला त्यांच्यासंगं. तार बसवून मान वर केली, तर रस्त्यावर मी एकला."

त्यानंतर अण्णांनी बेंजोला हात लावला नव्हता.

"सरपंचाची बी तार तुटती, सर. त्या दोन मिनिटांत. एवढी गर्दी, शिट्ट्या मारतेत, हासतेत, पर जागचं कुनी हालत न्हाई."

इतक्यांदा तिथून जाताना ऐकलं असेल, पण तार तुटलेली मला कधी कळली नव्हती. मला माझी लाज वाटली. मेव्हण्याला फोन केला. त्याला जुनी फाईल सापडायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस बाजारपेठेत टाळी वाजली नाही.

रविवारी दुपारी मी ते जुनं रेकॉर्डिंग घेऊन गेलो. अण्णांनी फळीखालून टॉवेलात गुंडाळलेला बेंजो काढला. बटणं पिवळी पडलेली, एक तार नव्हती. नवी तार त्यांनी माजलगावहून आणून ठेवली होती.

"दोन मिनिटं हायेत. बघू," म्हणाले.

सरपंच तापला, बेंजो पळाला आणि टण्णदिशी तार तुटली. या वेळी मीही ऐकली. तिकडं शिट्ट्या सुरू झाल्या, इकडं अण्णांनी तार ओवायला घेतली. मोटारीत केसासारख्या तारांचे हजारो वेढे न चुकता घालणारे ते हात आज चुकले. तार खुंटीवरून निसटली. पुन्हा ओवली, पुन्हा निसटली. तिकडं सरपंचाचं झालं होतं. तो तार छेडून बघत होता. लोक ओरडायला लागले. आता कोणत्याही क्षणी गाणं पुढं जाणार होतं.

मला ते बघवेना. मी हात लांब करून बटण दाबलं. डबा गप्प झाला.

"कावून थांबवलं, सर?"

"तुमची तार बसू द्या," मी म्हणालो. "मंडळी थांबलीयेत."

अण्णांनी एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग बाहीनं डोळे पुसले आणि तार पुन्हा खुंटीत ओवली, या वेळी सावकाश.