वाळूतली लिंबे

सुरभीने वाळूने भरलेला टब उचलून वॉशिंग मशीनवर ठेवला, तेव्हाच घरातली शिस्त बिघडली, असे तिच्या सासूबाईंचे, म्हणजे इंदूबाईंचे ठाम मत झाले.

"कपडे धुवायच्या मशीनवर वाळू? हे काय खूळ गं?"

"आई, माझी साहेबांबरोबर मीटिंग आहे. समुद्राच्या तळाशी गॅसची नळी पुरायचीय. भूकंपात पाणी मुरलेली वाळू पातळ होते आणि हलकी नळी वर येते. म्हणून तिच्यावर सिमेंटचा थर द्यावा, असा माझा आराखडा. साहेब म्हणतात, थर नको. आज मशीन फिरवून त्यांना भूकंपच दाखवते."

टबातल्या वाळूत दोन छोट्या नळ्या पुरल्या होत्या, एक नुसती पोकळ आणि दुसरी सिमेंटचा थर दिलेली. पोकळ नळी वर आली आणि सिमेंटची खाली राहिली, तर आराखडा तरणार. नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात. सुरभी तयार व्हायला आत गेली.

इंदूबाई मात्र वाळूपाशीच थांबल्या. भिवपुरीच्या वीजगृहाच्या वसाहतीत त्यांच्या माठाखाली अशीच वाळू असे. माठ पाझरे, वाळू गार राही आणि तिच्या पोटात लिंबे नि आले महिनाभर टवटवीत राहत. "दोन लिंबं काढ गं," अशी सासूची, ठकूबाईंची हाक आली, की नव्या नवरीची बोटे त्या गारव्यात शिरत आणि उगाचच रेंगाळत. पुढे फ्रीज आला आणि वाळू गेली. दहिवलीच्या या फ्लॅटमध्ये ती आज प्रथमच पाहुणी आली होती.

इंदूबाईंनी फ्रीजमधली लिंबे आणून वाळूत पुरली. एक पोकळ नळी आड येत होती. ती उपटून गॅलरीतल्या तोंडलीच्या वेलाला आधार म्हणून खोचली. दुसरी वरवंट्यासारखी जड लागली, म्हणून राहू दिली. मग तळव्याने वाळू सारखी केली.

सुरभीने घाईघाईने टबात तांब्याने पाणी ओतले, लॅपटॉप समोर ठेवला आणि मशीन सुरू केले. टब थरथरू लागला. वर काहीच आले नाही.

"कुठाय तुझी पोकळ नळी?" पडद्यावरून योगेंद्र साहेब म्हणाले. "येत नाही ना वर? मग सिमेंट कशाला?"

सुरभीचा चेहरा उतरला. तिने मशीनचा वेग वाढवला. वाळू लकाकली, पातळ झाली आणि तिच्यातून काहीतरी पिवळे डोकावले. पाठोपाठ दुसरे, तिसरे.

"हे काय?"

"लिंबू, सर."

"आराखड्यात लिंबू नव्हतं."

"आई!"

"वरडू नको," पदर सावरत इंदूबाई पडद्यासमोर आल्या. "मीच पुरली हायती."

योगेंद्र साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, खोपोलीला आमची आजी अशीच ठेवायची. मी मागे लिंबं ठेवून पाहिली, पण कुजली. वाळू ओली ठेवायची की दमट?"

"आदी मला सांग, हलकं व्हतं ते वर आलं का नाय?"

"आलं."

"आन् शिमिटाची नळी?"

सुरभीने मशीन थांबवून टबात हात घातला. "तळाशीच आहे, सर."

"मंग माझ्या सुनेचं मंजूर कर. वाळूचं मंग सांगते."

साहेबांनी क्षणभर लिंबांकडे पाहिले. "मंजूर, काकू."

"दमट."

सुरभी हरखून पाया पडायला वाकली, तेव्हा इंदूबाई टबात बोट बुडवून पाहत होत्या.

"एवढं पाणी तू वतलंस? माझी लिंबं कुजवतेस का गं?"